रात्री खाडीत ट्रोलिंग : ल्युअर मधेच गप्प होतो, लाइन पिळते – मदत हवी आहे

जाणकारांनी कृपया सांगावं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे होडी ट्रेलरवर घालून रेवदंड्याला नेतो आणि कुंडलिकेच्या खाडीत जिताडा, तांबोशी या माशांसाठी रात्री ट्रोलिंग करतो, म्हणजे चालत्या होडीमागे गळाच्या लाइनी ओढतो. १४ फुटी फायबरची होडी, ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन रॉड, ३० पौंडी ब्रेड (विणलेली लाइन), तिच्या टोकाला दीड मीटर ५० पौंडी लीडर (जाड लाइनीचा तुकडा). ल्युअर (माशाच्या आकाराचं नकली आमिष) १२ सेंमीचे, तरंगणारे, पाकिटावर खोली ३ मीटर लिहिलेली. पाणी तीन-चार मीटर. दोन्ही लाइनी २५ मीटर सोडतो आणि जीपीएसवर ताशी ४.५ किमी वेग धरतो.

ओहोटीबरोबर खाली जाताना रॉडच्या टोकाची थरथर जवळजवळ थांबते. वळून वर येताना तोच ल्युअर उसळतो, गोल फिरतो आणि लाइन पिळून टाकतो. वळताना दोन लाइनी एकमेकींत जातात, त्या अंधारात सोडवायला अर्धा तास. ल्युअर बदलून पाहिले, फरक नाही. शिवाय एक शंका : ट्रोलिंग चालू असताना होडीवर मासेमारीचे वेगळे दिवे लावायचे का?

प्रतिसाद १

ल्युअरमध्ये दोष नाही, वेग चुकतोय. जीपीएस सांगतो तो जमिनीवरचा वेग, ल्युअरला कळतो तो पाण्यातला. ओहोटी ताशी अडीच किमीने वाहत असेल तर तुमच्या ४.५ मधून ती वजा होते आणि खाली जाताना ल्युअरला फक्त २ मिळतात, म्हणून तो मरगळतो. वर येताना तेच अडीच मिळवा : ७. एवढ्या वेगाला या जातीचा ल्युअर कलंडणारच. दिवसा शेजारून वाहणारा फेस, पाला पाहून आपण नकळत थ्रॉटल सुधारतो. रात्री नजर फक्त स्क्रीनवर राहते.

उपाय सोपा आहे. भरती पूर्ण झाल्यावर थोडा वेळ पाणी थांबतं. तेव्हा जीपीएसवर ४ येईल एवढं थ्रॉटल द्या आणि मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करा. त्यानंतर खाली जा की वर, मूठ त्या खुणेवरच. वर येताना स्क्रीनवर दीडच दिसेल, होडी जागची हलत नाही असं वाटेल. वाटू द्या, ल्युअर खाली बरोबर पळत असतो. वारा जोरात असला तरच थोडा फरक करावा लागतो. गिअर टाकल्यावर होडी मुळातच चारच्या खाली येत नसेल तर बाजूला एक बादली ओढा; दोरी इतकी आखूड हवी की बादली पंख्यापर्यंत पोचणार नाही.

त्यानंतर रॉडचं टोक वाचायला शिका. टोकाला पांढरा रंग द्या किंवा छोटी चमकती कांडी बांधा. बारीक, सारखी थरथर म्हणजे ठीक. थरथर जड, बोथट झाली की गरीला प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकलंय, लगेच गुंडाळा. काही जाणवलं नाही तरी दर दहा मिनिटांनी एकदा तपासाच, कारण आपल्या खाड्यांत पिशव्या माशांपेक्षा जास्त लागतात.

प्रतिसाद २

वेगाबद्दल पूर्ण सहमत. पण वेग सुधारूनही एखादा ल्युअर एकाच बाजूला पळत असेल तर त्याच्या नाकाची कडी पकडीने विरुद्ध बाजूला अगदी किंचित वाकवा, केसभर. हे दिवसाउजेडी होडीच्या बाजूला दोन मीटर लाइन सोडून, डोळ्यांनी बघत करायचं. ल्युअरच्या नाकाला स्विव्हल (गोल फिरणारी कडी) लावलं असेल तर काढा, त्याच्या वजनाने चाल मरते. नुसता स्नॅप (उघडमीट होणारी तारेची कडी) किंवा सैल फासाची गाठ पुरे.

पिळलेली लाइन टाकून देऊ नका. मोकळ्या पाण्यात, जाळ्यांपासून लांब, ल्युअर आणि स्नॅप काढून नुसती लाइन ५०-६० मीटर सोडा आणि चार-पाच मिनिटं होडी चालवा. पीळ आपोआप उलगडतो. परत गुंडाळताना ओल्या फडक्यात धरून ताण द्या, नाहीतर पुढच्या वेळी सैल वेढ्यांत लाइन रुतते.

दोन्ही लाइनी २५ मीटर हीच गुंत्याची सुरुवात आहे. वळताना आतल्या बाजूचा ल्युअर मंदावतो, तरंगता असल्यामुळे वर येतो आणि बाहेरच्या लाइनीच्या वाटेत जातो. एक १५ मीटर ठेवा, एक २५. वळण रुंद घ्या. जागा अरुंद असेल तर लांबची लाइन आधी गुंडाळून मगच वळा. तसंही चार मीटर पाण्यात २५ मीटर लाइनीवर तीन मीटरचा ल्युअर उथळ जागी तळ खरवडतो. कमी सोडलीत की तो वर चालतो.

अंधारात मीटर मोजायला ब्रेडवर १५ आणि २५ वर जाड सुती दोऱ्याची एकेक गाठ मारा, शेंडे कापून टाका. अंगठ्याला गाठ लागली की थांबायचं. टॉर्च लावायची गरजच पडत नाही.

प्रतिसाद ३

दिव्यांबद्दल. समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ट्रोलिंग करणारी होडी ‘मासेमारीत गुंतलेली’ धरलीच जात नाही, कारण गळाच्या लाइनींनी तिचं वळणं अडत नाही. म्हणून मासेमारीचे दिवे लावायचे नाहीत, आणि इतरांनी आपल्याला वाट द्यावी ही अपेक्षाही ठेवायची नाही. साधे चालत्या होडीचे दिवे : डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि चहूबाजूंनी दिसणारा पांढरा. सात मीटरपेक्षा लहान आणि सात नॉटपेक्षा (ताशी सुमारे १३ किमी) जास्त न धावणाऱ्या होडीला एकटा पांढरा चालतो, पण ९.९ वर तुमची रिकामी होडी त्यापुढे जाऊ शकते, तेव्हा तिन्ही लावा. पांढरा दिवा डोक्याच्या वर काठीवर हवा, नाहीतर आपलेच डोळे दिपतात.

डोक्यावरची बॅटरी लाल उजेडाची घ्या. पांढरा झोत एकदा डोळ्यांत गेला की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात डोलीच्या जाळ्याचा खांब समोर येतो. खांब आणि जाळ्यांचे बोये दिवसा बघून जीपीएसवर खुणा करून ठेवा. पंख्यात जाळं गेलंच तर गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, मग वर उचलून सुरी. इंजिन बंद करायची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला आणि लाइफ जॅकेट अंगात, हे दोन्ही पूर्ण रात्रभर. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ साठवा. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांना मासेमारीबंदी असते, ती पाळा.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. मुठीवरची खूण डोक्यातच आली नव्हती. आता दोन गोष्टी : रिळाचा ड्रॅग (किती ओढीला लाइन सुटावी तो ताण) किती ठेवू, आणि शनिवार कसा निवडू?

प्रतिसाद १

ड्रॅग अंदाजाने नको. पुण्यात बोहरी आळीत हूकवाला वजनकाटा मिळतो, तो लीडरला अडकवून ओढा आणि तीन किलोला लाइन सुटेल असं बसवा. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याचा साधारण पाव भाग. जास्त घट्ट केलंत तर धडक बसताच गऱ्या वाकतात.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. अष्टमी : आठाची पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी सहाला भरती आणि मग बारापर्यंत ओहोटी. शिवाय तेव्हा भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, खूण बसवायला आणि शिकायला उत्तम. अष्टमी-नवमीच्या जवळचा शनिवार धरा. ओहोटीला कांदळवनातून लहान ओहळ खाडीत पडतात, त्यांच्या तोंडाशी चिंबोऱ्या-कोळंबी बाहेर येते आणि जिताडा तिथेच उभा असतो. त्या तोंडांसमोरून प्रवाहाविरुद्ध, हळू जा; ल्युअर त्याच्यासमोर जास्त वेळ राहतो.

प्रतिसाद २

एवढ्या मंद चालीत टू-स्ट्रोकचा स्पार्क प्लग काळा पडतो. दर अर्ध्या तासाने लाइनी वर घेऊन मिनिटभर इंजिन जोरात पळवा आणि एक सुटा प्लग व पाना जवळ ठेवा. तेल पुस्तिकेतल्या प्रमाणातच : ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, ‘थोडं जास्त बरं’ म्हणून वाढवू नका. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार पडतेय ना, हे अंधारात हात लावून बघा.

मासा लागला की इंजिन लगेच बंद करू नका. दोन-तीन सेकंद तसंच चालू द्या, होडी खाडीच्या मध्याकडे वळवा म्हणजे तो कांदळाच्या मुळांत शिरणार नाही. दुसऱ्याने आधी मोकळी लाइन गुंडाळायची, मगच न्यूट्रल. जिताड्याच्या कल्ल्यांची कड वस्तऱ्यासारखी असते, तिथे बोटं घालू नका. जाळीने घ्या, खालचा जबडा ग्रिपने धरा आणि गरी लांब पकडीने काढा.