मदत हवी आहे: स्वल्पविराम कंसाच्या आधी की नंतर?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एका छोट्या छापखान्यात डीटीपी करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, मेनूकार्ड, वाढदिवसाचे फ्लेक्स, येईल ते. टायपिंग झरझर होतं, पण विरामचिन्हं मात्र आजवर डोळ्याला बरी दिसतील तिथे टाकत आले. गेल्या आठवड्यात त्याचा दणका बसला.

एका खानावळीचं मेनूकार्ड होतं. मालकांनी वहीच्या कागदावर लिहून दिलेलं मॅटर मी असं बसवलं:

मटण ताट : सुकं मटण, खिमा, भाकरी, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, (अमर्याद)

रविवारी चौघेजण जेवायला आले आणि सुकं मटण तिसऱ्यांदा मागू लागले. वाढपी नाही म्हणाला, तर कार्डावर बोट ठेवून म्हणे, "सगळ्याच्या शेवटी लिहिलंय की, अमर्याद!" सोमवारी सकाळी मालक गठ्ठा घेऊन आमच्या दारात. लॅमिनेशनसकट दोनशे कार्डं. प्रूफवर त्यांची सही होती, पण ते बोलून दाखवायचा धीर झाला नाही.

आता एका चपलांच्या दुकानाचं माहितीपत्रक हातात आहे. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते:

कोल्हापुरी चपलेला, (२०१९) मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, (महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर.) या आठ जिल्ह्यांसाठी.

यात नक्की काय काय चुकलंय? पूर्णविराम कंसाच्या आत की बाहेर? आणखी एक, पुढे "शाहू महाराज (१८७४-१९२२)नी" असं आहे. तो "नी" असा एकटा पडलेला बघवत नाही. उद्या दुपारी प्रूफ द्यायचंय, कुणीतरी सांगा.

जुना कंपोझिटर

ताई, आम्ही छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवायचो तेव्हा मुख्य कंपोझिटर एकच गोष्ट करायला लावायचे. प्रूफवर कंस आणि त्यातला मजकूर अंगठ्याने झाका आणि उरलेलं वाक्य मोठ्याने वाचा. जिथे स्वल्पविराम लागेल तिथे तो द्या, पण कंस बंद झाल्यावर. उघडणाऱ्या कंसाच्या आधी सहसा स्वल्पविराम येत नाही, कारण कंस ज्या शब्दाचा आहे त्याला तो चिकटायला हवा. तुमच्या कार्डावर "पांढरा रस्सा" आणि "(अमर्याद)" यांच्यात स्वल्पविराम घुसला. कंस रश्श्यापासून तुटला आणि सगळ्या ताटाचा झाला. गिऱ्हाईक मटण मागणारच, त्यांची काय चूक?

पूर्णविरामाचं म्हणाल, तर कंसात अख्खं स्वतंत्र वाक्य असेल तर तो आत. वाक्याचा तुकडा असेल तर बाहेर. जागा सोडायची ती उघडणाऱ्या कंसाआधी आणि बंद कंसानंतर. आतल्या बाजूला नाही. बंद कंसापुढे स्वल्पविराम आला तर तो कंसाला चिकटून.

मराठीच्या बाई

"नी"चं दुखणं खास आपलं आहे. इंग्रजीची नक्कल करून कंस टाकला की आपला प्रत्यय उघड्यावर पडतो. शब्दाला प्रत्यय आधी लावून घ्या आणि मग कंस द्या: "शाहू महाराजांनी (१८७४-१९२२)". किंवा "शाहू महाराज (१८७४-१९२२) यांनी". मी दुसरं घेईन, सनावळ नावाला लागून राहते. एका मुलाने निबंधात "खासबाग मैदान (१९१२)ात" लिहिलं होतं. तो काना बिचारा कशाच्या आधाराने उभा होता देव जाणे.

"सोलापूर, आणि" मधला स्वल्पविराम काढा. साध्या यादीत शेवटच्या दोन नावांमध्ये "आणि" असला की आपल्याकडे त्याची गरज नसते. मात्र "पण"च्या आधी दोन पूर्ण वाक्यं जोडताना जरूर द्या. "कोल्हापुरी चपलेला," इथे तर तो का आहे तेच कळत नाही. वाचताना दम लागला म्हणून दिलेला दिसतो!

मेनूकार्डाचा उपाय मात्र चिन्हात नाही, भाषेत आहे. "अमर्याद"ला लिंग नाही, म्हणून तो कुणालाही लागू पडतो. "हवा तेवढा" लिहा. रस्सा "हवा तेवढा", भाकरी "हवी तेवढी", मटण "हवे तेवढे". आता कुणी मटणावर बोट ठेवून दाखवावं! मोडीत विरामचिन्हं नव्हतीच, शब्दसुद्धा सलग लिहायचे. तरी कागद वाचले जायचे, ते अशाच लिंग-वचन-क्रियापदांच्या जोरावर. चिन्हं मराठीत रुजवली एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी.

रंकाळ्यावरचा

कंसात अख्खी यादी कोंबू नका हो. दोन राज्यं आहेत तर दोन कंस करा.

धागाकर्ती

काका, बाई, लई आभार. अंगठा लावून वाचलं तर "मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले" एवढंच उरलं, २०१९ गायबच! म्हणजे तिथे कंस मुळात नकोच होता. आता असं केलंय:

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील चार (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर) आणि कर्नाटकातील चार (बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर) जिल्ह्यांसाठी आहे.

मेनूकार्डाचंही नवं प्रूफ नेऊन दाखवलं:

मटण ताट : सुकं मटण, खिमा, भाकरी, तांबडा व पांढरा रस्सा (हवा तेवढा)

मालकांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि भाकरीपुढे स्वतःच "(दोन)" लिहिलं. स्वल्पविरामाच्या बरोबर आधी.