मदत हवी: ग्रामसभेचा ठराव दाखवून तलाव खोदणार आहेत, थांबवायचं कसं?

धानवाला (मानेवाडा, नागपूर)
नमस्कार मंडळी, घाईत लिहितो आहे. ग्रामसभेचा ठराव रद्द करायला अर्ज कोणाकडे द्यायचा, बीडीओकडे (गटविकास अधिकारी) की कलेक्टरकडे? नमुना असेल तर इथेच टाका. सोमवारी पोकलेन येणार म्हणतात. मी नागपुरात नोकरीला, शनिवारशिवाय गावी जाणं होत नाही. सरपंच फोन उचलत नाहीत. ग्रामसेवक म्हणतात, ठराव झाला, आता माझ्या हातात काही नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा, राजकारण नको.

वैनगंगा
भाऊ, ठराव कसला? पोकलेन कशासाठी? तालुका कोणता? असं अर्धवट लिहिलं तर कोण काय सांगणार?

धानवाला
रामटेक तालुका, गावाचं नाव लिहीत नाही. तलावातला मुरूम काढायचा ठराव. रस्त्याच्या कामाला पाहिजे म्हणतात. आमची तीन एकर बांधी (धानाची शेती) तलावाच्या पाण्यावर आहे. अर्ज कोणाकडे, तेवढं सांगा.

माहितीमित्र_धरमपेठ
सगळ्यात आधी माहिती अधिकार टाका. १० रुपयांचा स्टॅम्प लावा आणि ठरावाची प्रत, हजेरी नोंदवही, नोटीस, दवंडीची नोंद हे सगळं मागा. ३० दिवसांत नाही दिलं तर पहिलं अपील. २००५ चा कायदा नीट वापरला तर भल्याभल्यांना घाम फुटतो. मी माझ्या लेआउटच्या मोकळ्या जागेसाठी असंच केलं.

वैनगंगा
पोकलेन सोमवारी येऊन राहिला आणि तुम्ही ३० दिवस सांगता! तोवर तलावाची खदान होईल. माहिती अधिकार टाकाच, पण आज कामाला येईल असं काही सांगा.

धानवाला भाऊ, ठराव ग्रामसभेचा आहे की मासिक सभेचा? फरक खूप पडतो. मासिक सभा म्हणजे फक्त सदस्य, ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार. ग्रामसभेला सात दिवस आधी नोटीस लागते, आणि गणपूर्ती (किमान हजेरी) १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी असेल ते. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. पुष्कळ गावांत सगळा खेळ तिथंच होतो.

धानवाला
कागदावर ग्रामसभा आहे. रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो एका मित्रानं पाठवला. पासष्ट-सत्तर सह्या आणि अंगठे, सगळे एकाच निळ्या पेनाचे, एकाच दमात घेतल्यासारखे. त्या दिवशी रेशन दुकानात तांदूळ वाटप होतं, तिथंच पान फिरवलं असं बायका सांगतात. बाबांची सही आहे, आणि बाबा त्या दिवशी नागपूरला दवाखान्यात भरती होते. वर लिहिलंय, "तलावातील गाळ व मुरूम काढण्यास ग्रामसभेची हरकत नाही." बदल्यात कंत्राटदार मंदिरासमोर सभामंडप बांधून देणार. म्हणून अर्धं गाव खूशच आहे, हेही सांगतो.

जुना_मास्तर
शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. अर्धं गाव खूश असेल तर उद्या खरीखुरी ग्रामसभा भरली, सात दिवसांची नोटीस दिली, तरी ठराव पुन्हा होऊ शकतो. मग काय करणार?

लोकशाही म्हणजे नुसती हातांची मोजणी नव्हे. बाबासाहेबांनी २२ डिसेंबर १९५२ ला पुण्यात वकिलांपुढे भाषण केलं, लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं यावर. समाजात ढळढळीत विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि कारभारात सगळे सारखे हवेत, संविधानिक नीती हवी, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम करू नये, समाजात नीतिव्यवस्था हवी, आणि अन्याय कोणावरही होवो, बाकीच्यांनी उठून उभं राहावं इतकी लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी हवी. तुमच्या तलावाला यातली प्रत्येक गोष्ट लागू पडते. तलावावर पोट असणारी घरं किती, आणि त्यांची मतं किती?

मेंढाप्रेमी
मास्तर, याचं उत्तर आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." तिथं ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं चालते. एकाचंही मन मानत नसेल तर निर्णय थांबतो. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ पासून बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. गावात अभ्यास गट आहे, आधी विषय समजून घेतात, मग ठरवतात. धानवाला भाऊ, गावात अभ्यास गट सुरू करा.

खमक्या_कलेक्टर_पाहिजे
सोमवारपर्यंत अभ्यास गट? राजेहो, जरा विचार करा. ग्रामसभा वगैरे सोडा, एक खमक्या अधिकारी येऊ द्या, दोन दिवसांत टिप्पर जप्त. शहराचंही तेच. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला, नाग नदीकाठची घरं पाण्यात गेली. तेव्हा कोणती सभा कामाला आली? नदीत अतिक्रमण होऊ देणारेही निवडूनच आलेले असतात.

वैनगंगा
आणि खमक्या अधिकाऱ्याची बदली झाली की? पुढचा कंत्राटदाराच्या बाजूचा निघाला तर कोणाकडे जायचं? अधिकाऱ्याला प्रश्न विचारायची सोय नसेल तर त्याचा खमकेपणा काय कामाचा?

मेंढ्याचं मला कौतुक आहे, पण ते छोटं गाव, बहुतेक सगळे गोंड, शिवाय वर्षानुवर्षं बसून घडवलेली सवय. आमच्याकडे पाच जाती आणि तीन पार्ट्या असलेल्या गावात सर्वसहमती म्हटली की दमदार माणूस बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

मेंढाप्रेमी
हे बरोबर नाही. जिथं एक "नाही" पुरतं, तिथं दमदारालाच गरिबाची मनधरणी करावी लागते. बहुमतात ते करावं लागत नाही.

रवि_उमरेड
मतदार यादीत नाव नागपुरात असेल तर ते गावी न्यायला फॉर्म ८ भरा. ऑनलाइन होतो, पत्त्याचा पुरावा जोडा. माझं झालं.

धानवाला
रवि भाऊ, नावाचं विचारलं नव्हतं. पण हो, माझं नाव नागपुरात आहे. बाबांचं आणि आईचं गावी. याचा फरक पडतो का?

निवृत्त_लघुसिंचन
पडतो. ग्रामसभेच्या कामात हरकत घ्यायची तर ती मतदारानं घ्यावी, म्हणून अर्ज वडिलांच्या सहीनं जाऊ द्या. आता जरा नीट उत्तरं द्या: (१) तलाव मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातला आहे का? (२) सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे? (३) मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे?

धानवाला
मामा (माजी मालगुजारी) तलावच आहे, आजोबांच्या आधीपासूनचा. सातबारा पाहिला नाही. मासेमारी ढिवर समाजाच्या संस्थेकडे आहे, अकरा-बारा घरं. त्यांना सभेला बोलावलंच नव्हतं.

निवृत्त_लघुसिंचन
मग तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. ठराव रद्द करायच्या मागे आज लागू नका. मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारकडे आले, आणि १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे आता सहसा जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडे असतात. सातबाऱ्यावर तसंच असेल तर ग्रामसभेची "हरकत नाही" म्हणजे परवानगी नव्हे. मुरूम गौण खनिज आहे, त्याची परवानगी महसूल देतो, ठरलेल्या गट नंबरसाठी आणि ठरलेल्या ब्राससाठी. विनापरवाना काढला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

गाळ आणि मुरूम एकाच वाक्यात लिहिणं हीच चलाखी आहे. गाळ काढा, शेतात टाका, तलावाचं भलं होतं. पण गाळाखाली चिकणमातीचा थर असतो, तोच पाणी धरून ठेवतो. तो फोडून मुरमात गेलात की पाणी खाली झिरपतं. आणि खड्डा तलावाच्या तूमाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) तळाखाली गेला तर त्यात पाणी दिसेल, बांधीत एक थेंब येणार नाही. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) पायथ्याशी खोदलं तर पाळच बसते.

शुक्रवारीच अर्ज द्या: तहसीलदार, लघुसिंचनाचे कार्यकारी अभियंता, प्रत बीडीओंना. आवक क्रमांकासह पोच घ्या. संस्थेचा वेगळा अर्ज पाहिजे. ठेका त्यांचा, नुकसान त्यांचं, तुमच्या अर्जापेक्षा त्यांच्या अर्जाला वजन जास्त.

जुना_मास्तर
साहेबांनी लाखमोलाचं सांगितलं. एक भर घालतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली, कारण खडी फोडणारी माणसं डोळ्यांना दिसत होती, पेपर लिहीत होते, विधानसभेत प्रश्न येत होते. १९४३ च्या बंगालमध्ये यातलं फारसं काही नव्हतं, लाखो माणसं मेली. अमर्त्य सेन हेच सांगतात. पण तलाव असा एका हंगामात मरत नाही. रोवणीला (धानाच्या लावणीला) पाणी दरवर्षी चार दिवस कमी पडतं, त्याची बातमी होत नाही, त्यावर निवडणूकही लढली जात नाही. सभामंडप मात्र पाच वर्षांच्या आत उभा दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालानं शाश्वत विकासाची व्याख्या करताना पुढच्या पिढ्यांच्या गरजा धरल्या. त्या पिढ्यांचं मत कोणत्याच यादीत नाही. त्यांच्या वतीनं बोलणार कोण? आज तुमच्या गावात ते काम त्या अकरा-बारा ढिवर घरांकडे आलं आहे, आणि नेमकं त्यांनाच बोलावलं नाही. म्हणून सभा कशी भरली हा प्रश्न मला तलावाइतकाच मोठा वाटतो.

खमक्या_कलेक्टर_पाहिजे
शेवटी अर्ज तहसीलदारालाच ना? अधिकारीच लागला.

वैनगंगा
लागलाच. पण अर्ज देणारा, पोच मागणारा आणि उत्तर नाही आलं तर वर जाणाराही लागला.

धानवाला
अपडेट. काल सुटी काढून गेलो. बाबांचा आणि संस्थेचा, दोन अर्ज दिले, पोच घेतली. संस्थेच्या अध्यक्ष काकांनी ठेक्याचा करार प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, त्याची झेरॉक्स जोडली. तहसीलमध्ये कळलं, मुरमाची परवानगी आहे, पण ती पलीकडच्या एका खासगी शेताच्या गट नंबरची. तलावाची नाहीच. सातबाऱ्याची नक्कल काढायला टाकली आहे. पोकलेन पाळीजवळ आणून उभा केला आहे, अजून खोदलं नाही. आता पुढे?

निवृत्त_लघुसिंचन
परवान्याची नक्कल आजच मागा. तलाठ्याला लेखी कळवा की यंत्र तलावाच्या गटात उभं आहे, पंचनामा करा. पाळ मागे दिसेल असा फोटो घ्या, तारखेसह. रात्री संस्थेची दोन-दोन माणसं पाळीवर थांबू द्या, भांडण कोणाशी करायचं नाही, टिप्पर दिसला की फक्त नंबर लिहून घ्यायचा.

वैनगंगा
आणि बाबांची सही खोटी असल्याचा अर्ज बीडीओंना वेगळा द्या, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जोडून. दोन विषय एका अर्जात घालू नका.