विषय: हाँगकाँगच्या आपल्या मंडळाच्या व्हिक्टोरिया पीक डोंगरावरच्या सहलीची तारीख बदला, नोव्हेंबरात आमचे आईबाबा गावाहून येऊ शकत नाहीत

व्हॅम्पोआवाली ताई (हाँगकाँगच्या व्हॅम्पोआ भागातली, सध्या गावी, दारव्हा तालुका)
नमस्कार,
इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून मुद्द्याचंच लिहिते. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार आमच्या आईबाबांना जमणारच नाही. कापूस फुटलाय, वेचायला माणसं मिळत नाहीत, आई रोज सकाळी घरोघर जाऊन बाया गोळा करते. बाबांना विचारलं तर म्हणाले, "माहा कापूस वावरात अन् मी डोंगर पाहाले जाऊ काय?" विदर्भातल्या आपल्या सहा घरांपैकी चार घरांत हेच आहे. लांताऊ बेटाच्या सहलीच्या वेळीही आमचे पालक यायचे राहून गेले. तूर निघाली की फेब्रुवारीअखेर सगळे मोकळे होतात. तेव्हा ठेवा, ही कळकळीची विनंती.

सचिव
ताई, अडचण समजते, पण फेब्रुवारीअखेर मुळीच नको. तेव्हा समुद्रावरून दमट हवा येते आणि डोंगरावर ढग बसतो. एप्रिलपर्यंत हीच कथा. पीक टॉवरच्या गच्चीचं तिकीट काढायचं आणि समोर नुसता पांढरा पडदा. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना ते दाखवायचं का? नोव्हेंबर कोरडा, हवा स्वच्छ, पार बंदरापलीकडच्या काउलूनच्या मागचे डोंगर दिसतात. म्हणून कार्यकारिणीने तारीख ठरवली.

तुंग चुंगच्या काकू
ढगाचं सचिवांचं बरोबर आहे. आम्ही परतवाड्याचे. चिखलदरा १,११८ मीटर, पीक ५५२, म्हणजे आमचं दुपटीहून जास्त उंच. पावसाळ्यात देवी पॉइंटवर शेजारचं माणूस दिसत नाही, पण तिथे आपण ढगासाठीच जातो. पीकवर जायचं ते खालचं शहर बघायला.
तारीख कुठलीही ठेवा, पीकवर चढणारी ट्राम मात्र नको. बाकं चढाकडे तोंड करून असतात, त्यामुळे उतरताना उलटं बसून खाली यावं लागतं. सासूबाईंनी डोळे मिटून माझा हात धरला तो खाली येईपर्यंत सोडला नाही.

अमरावतीचे दादा
काकू, ट्राम वगळू नका हो. १८८८ पासून चालू आहे. त्याआधी साहेब लोकांना डोलीत बसवून माणसं वर वाहून न्यायची. बाजूच्या इमारती कलल्यासारख्या दिसतात, ते माझ्या बाबांनी आयुष्यभर सांगितलं. आणि २०२२ च्या नव्या डब्यात २१० माणसं बसतात-उभी राहतात, आधी १२० च मावायची. रांग आता लवकर सरकते.

काकू
रविवारी सरकत नाही, दादा. मी उभी राहिले आहे. गुडघे दुखणारी माणसं किती वेळ उभी ठेवणार?

खजिनदार
जाताना ट्राम, येताना १५ नंबरची बस. ज्यांना ट्राम नको त्यांनी दोन्ही वेळा बस, ती सेंट्रलहून सुटते. वरच्या मजल्यावर पुढची जागा धरा, वळणावळणाला शहर दिसतं. ज्यांना गाडी लागते त्यांना मात्र खाली बसवा. ऑक्टोपसमध्ये (प्रवासाच्या कार्डात) पैसे आधीच भरून ठेवा, मागच्या वेळी मी अकरा जणांचे भरले.
गच्चीचं तिकीट मंडळाने काढू नये. वरचा लुगार्ड रोड फुकट आहे, जवळपास सपाट आहे आणि बंदर तिथूनच सगळ्यात छान दिसतं. हार्लेक रोडने पूर्ण फेरी साधारण साडेतीन किलोमीटर. ज्येष्ठांनी दृश्य बघून अर्ध्यातून परतावं.

सांस्कृतिक समिती
तारखेचं कोणी बोलतच नाही. जानेवारी का नको? हवा कोरडीच असते, थंडी असते, स्वेटर आणायला सांगा. चिनी नववर्षाची गर्दीही बहुतेक अजून नसते. फक्त संक्रांतीचा हळदीकुंकवाचा रविवार आमचा आहे, हॉलचे पैसे भरलेत. तो सोडून कुठलाही घ्या.

सचिव
संक्रांतीनंतरचा रविवार चालेल. पण ताई, चारही घरांचा होकार या शनिवारपर्यंत हवा. नंतर परत बदल नाही.

व्हॅम्पोआवाली ताई
तीन घरांचा होकार आला. आमच्याकडे तोपर्यंत मोठे वेचे उरकतात, तूर काका बघतील. बाबांचा एकच प्रश्न आहे: वरून एवढी माणसं दिसतात तर त्यांचं धान्य कुठून येतं, हे कोणी सांगेल का? दादा, तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. आई बसने येईल, काकूंसोबत. चौथ्या घरी उद्या सकाळी स्वतः जाऊन विचारते.