गुलाबी 'क्वीन एलिझाबेथ'ची छाटणी किती खालून करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुण्यात अंगणात जमिनीत लावलेला 'क्वीन एलिझाबेथ' गुलाब आहे. अमेरिकेत वॉल्टर लॅमर्ट्स यांनी 1954 साली आणलेली ही जात. तिकडे तिला ग्रँडिफ्लोरा (उंच, मोठ्या फुलांच्या गुलाबांचा वर्ग) म्हणतात, ब्रिटनमध्ये फ्लोरिबंडात (झुपक्याने फुलणाऱ्या गुलाबांचा वर्ग) धरतात. झुपक्याने येणारी स्वच्छ गुलाबी फुलं, जवळजवळ बिनकाट्याचे लांब दांडे. मला यापेक्षा देखणा गुलाबी रंग दुसरा वाटत नाही.

पण झाड माझ्या डोक्याच्या वर गेलंय. फुलं सगळी शेंड्याला, खाली नुसते उघडे दांडे. शिवाय पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून खालची पानं गळली. डोळा भरलेल्या (कलम केलेल्या) जागेच्या वरूनच नवे फुटवे येतात, म्हणजे रानफुटवे (खालच्या जंगली खुंटाचे फुटवे) नाहीत.

आता ऑक्टोबरची छाटणी करायची आहे. ही जात गुडघ्याइतकी खाली छाटली तर सोसते का, की कमरेपर्यंतच ठेवू? जुना जाड दांडा बुडातून काढला तर खालून नवीन फूट येईल का? छाटल्यावर टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावणार आहे, शेणखत कधी घालू?

आणि पुढच्या रांगेसाठी दोन-अडीच फुटांवर राहणारा, असाच गुलाबी फ्लोरिबंडा कोणी आपल्या हवेत वाढवलाय का? नाव नक्की सांगा, फोटो असेल तर फार बरं होईल.