मदत हवी आहे: ‘ट्युनिका’ म्हणजे अस्तर की आवरण?

जीवशास्त्राच्या आकृत्यांना मराठी नावं देण्याचं काम हाती घेतलंय. ‘ट्युनिका’ या एका शब्दापाशी घोडं अडलंय. शब्दकोशात अर्थ ‘आवरण’ असा दिलाय, म्हणून अंडाशयाच्या ‘ट्युनिका अल्ब्युजिनिया’ला ‘श्वेत आवरण’ लिहून मोकळा झालो. पुढची आकृती धमनीची. तिच्यात ‘ट्युनिका इंटिमा’ सगळ्यात आत, थेट रक्ताला लागून! त्याला आवरण कसं म्हणणार, ते तर अस्तर. बरं, अस्तर म्हणावं तर ‘ट्युनिका एक्स्टर्ना’ पार बाहेर. त्यात कांद्याच्या आकृतीतही हाच शब्द आहे आणि समुद्रातल्या कुठल्याशा प्राण्याच्याही. सगळीकडे चालेल असा एकच मराठी शब्द आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

एकाच शब्दाच्या मागे लागू नका, हाती काही लागणार नाही. ट्युनिका आतलं की बाहेरचं हे तो शब्द सांगतच नाही. भोवती गुंडाळलेला थर, एवढाच अर्थ. बाजू सांगायचं काम पुढच्या विशेषणाचं.

मुळात तो रोमन अंगरखा. टोगा (वरून अंगाभोवती गुंडाळायचं लांब वस्त्र) घालणाऱ्या नागरिकाच्या अंगावर तो टोग्याच्या आत असायचा. मजूर आणि गुलाम नुसत्या ट्युनिकावर वावरायचे. म्हणजे तिथेही आत की बाहेर ते घालणाऱ्यावर!

धमनीसाठी मी आंतरस्तर, मध्यस्तर, बाह्यस्तर असं सरळ लिहीन. (बाह्यस्तराला काही पुस्तकांत ‘ॲडव्हेंटिशिया’ म्हणतात, तो चौथा थर समजू नका.) ‘अस्तर’ हा शब्द मात्र राखून ठेवा. आंतरस्तरातही रक्ताला लागून चपट्या पेशींची एकेरी रांग असते, एंडोथेलियम. खरं अस्तर ते. हा कीस पाडतोय त्याला कारण आहे: महाधमनीचं ‘विच्छेदन’ होतं (चिरफाड नव्हे, तिची भिंत आतून चिरण्याचा आजार) तेव्हा आंतरस्तर फाटतो आणि रक्त मध्यस्तरात घुसून त्याला उभं चिरत जातं. तिन्ही थरांना ‘अस्तर’ म्हटलंत तर हे वाक्य कुणाला कळायचं नाही.

आकृती तपासताना आणखी एक बघा. धमनीत सहसा मध्यस्तर सर्वांत जाड असतो, कारण स्नायू आणि लवचीक तंतू तिथे. मोठ्या शिरांत बाह्यस्तर जाड. केशवाहिनीत तर एंडोथेलियम आणि त्याखालचा पातळ पाया एवढंच असतं. तिथे तीन बाण काढले असतील तर चित्रकाराला परत पाठवा.

प्रतिसाद २

वनस्पतींकडचं मी सांगते. कांदा, ट्यूलिप, नार्सिसस यांच्या कंदावरचा कोरडा, कागदी पापुद्रा म्हणजे ट्युनिका. कंद सुकू नये, खरचटू नये म्हणून. लिलीच्या कंदाला तो नसतो, नुसते मांसल खवले, त्यामुळे लिलीचा कंद लवकर सुकतो. इथे ‘कंचुक’ आणि ‘कंचुकित कंद’ छान बसतात.

पण खोडाच्या शेंड्याची आकृती असेल तर सांभाळा. १९२४ मध्ये श्मिट यांनी मांडलेल्या ‘ट्युनिका-कॉर्पस’ कल्पनेत ट्युनिका म्हणजे शेंड्यावरचे विभाजन होणाऱ्या जिवंत पेशींचे थर. नव्या भिंती पृष्ठभागाला काटकोनात पडतात, म्हणून थर पसरतो, जाड होत नाही. आतला कॉर्पस सगळ्या दिशांनी वाढतो. त्याला पापुद्रा म्हणणं अन्याय होईल. बाह्यथर म्हणा.

प्रतिसाद ३

समुद्रातला प्राणी म्हणजे ॲसिडियन असणार, खडकाला वगैरे चिकटून राहणारा पिशवीसारखा जीव. लामार्क यांनी १८१६ मध्ये या गटाला ‘ट्युनिकाटा’ नाव दिलं ते अंगावरच्या या जाड कवचीवरूनच. त्या कवचीत सेल्युलोज असतं, जे आपण वनस्पतींचीच मक्तेदारी समजतो! इथेही कंचुकच.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. वृषणाच्या आकृतीतल्या ‘ट्युनिका व्हजायनॅलिस’चं काय करू? अल्ब्युजिनिया तिथेही आहे.

प्रतिसाद १

अल्ब्युजिनिया आतली, वृषणाला घट्ट चिकटलेली, पांढरी, चिवट. तिचं ‘श्वेत आवरण’ राहू द्या. व्हजायनॅलिस तिच्यावर. लॅटिनमध्ये ‘व्हजायना’ म्हणजे म्यान, तेव्हा ‘म्यानस्तर’ चालेल. मागची बाजू सोडली तर तो वृषणाभोवती दुपदरी असतो. आकृतीत दोन पदरांमधली फट नीट दाखवा, हायड्रोसीलचं पाणी तिथेच साठतं.