गव्हाच्या पावात शिजवलेल्या पिठाची खळ: पाण्याचा हिशेब कसा धरावा?

प्रश्न
मैदा अजिबात न वापरता मी गव्हाच्या पिठाचा पाव भाजते. पाव फुगतो चांगला, परंतु दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो आणि कापताना त्याचा भुगा होतो. थोडे पीठ पाण्यात शिजवून ती खळ कणकेत मिसळल्यास पाव मऊ राहतो, असे वाचनात आले. किती पीठ शिजवावे आणि खळीतले पाणी कृतीतल्या पाण्यात धरावे की वेगळे?

प्रतिसाद १
थंड पाण्यात पिठातला स्टार्च फारसे पाणी शोषत नाही. मात्र ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर त्याचे कण फुगतात आणि बरेच पाणी धरून ठेवतात, जे पाव भाजून झाल्यावरही टिकते. ५०० ग्रॅम पिठापैकी ३० ग्रॅम पीठ १५० ग्रॅम पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावे आणि मंद आचेवर सतत ढवळावे. चमचा फिरवल्यावर तळाशी उमटलेली रेघ क्षणभर टिकली, की भांडे लगेच उतरवावे. खळ कोमट झाल्यावरच कणकेत घालावी, कारण गरम खळीने यीस्ट मरते.

खळीतले पाणी हिशेबात धरायचेच, पण एकूण पाणीही वाढवायला हवे. पूर्वी पिठाच्या वजनाच्या ६५ टक्के पाणी घेत असाल आणि आताही तेवढेच ठेवलेत, तर खळीने त्यातला मोठा वाटा अडवून ठेवल्यामुळे कणीक घट्ट होईल. माझ्या मते ही पद्धत फसते ती बहुधा इथेच. उरलेल्या ४७० ग्रॅम पिठात खळीबरोबर आणखी २२५ ग्रॅम पाणी घालावे, म्हणजे एकूण प्रमाण ७५ टक्के होते. पीठ जाडसर असल्यास याहूनही थोडे अधिक लागते.

प्रतिसाद २
वरील प्रमाण योग्य आहे. कोंडा पाणी सावकाश शोषतो, म्हणून पीठ, पाणी आणि खळ एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवावे आणि मगच यीस्ट व मीठ घालून मळावे. आच सांभाळणे जमत नसेल, तर पिठाच्या पाचव्या हिश्शावर तेवढ्याच वजनाचे उकळते पाणी ओतून, कालवून, तो गोळा रात्रभर ठेवावा. जपानी युदाने पद्धत हीच.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. पाण्याऐवजी दूध चालेल का? आणि पाव फ्रिजमध्ये ठेवावा का?

प्रतिसाद १
दूध चालेल, फक्त ते तळाशी लवकर लागते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. त्या तापमानाला स्टार्च अधिक वेगाने घट्ट होतो. दोन दिवसांत संपणार नसेल, तर काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत.