'सगळा खेळ ॲटिट्यूडचा' हे मला पटत नाही

रबाळेकर
काल इथे एकाने लिहिलंय, "टीम जिंकते ती ॲटिट्यूडवर, पैसा-सोयी नंतर. डीवाय पाटीलवर पोरींनी दाखवलं, आपल्या ऑफिसातल्या रडक्यांनी शिकावं." डोकं फिरलं वाचून. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला वर्ल्डकपची फायनल आपण जिंकलो तेव्हा मी नेरुळला त्याच स्टेडियममध्ये होतो, दीप्तीने शेवटची विकेट काढली तेव्हा मध्यरात्र उलटलेली आणि शेजारचे अनोळखी काका माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होते. पण पोरींना ॲटिट्यूड काय त्या रात्री आला का? २००५ ला मितालीची टीम फायनलला गेलीच होती, २०१७ ला लॉर्ड्सवर ९ रन्सनी हरलो. मधे पैसा-सोयींचं काय काय झालं ते बघा ना, २००६ ला महिला क्रिकेटचा कारभार बीसीसीआयकडे आला, २०१५ ला खेळाडूंना बोर्डाचं कॉन्ट्रॅक्ट, २०२२ ला मॅच फी पुरुषांइतकी, २०२३ ला डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची आयपीएल.
मी रबाळे एमआयडीसीत मोल्डिंगच्या कारखान्यात नऊ वर्षं काढली. मालकाने भिंतीवर 'आपण एक कुटुंब' असा बोर्ड लावला आणि त्याच महिन्यात ओव्हरटाइम थकवला. तीन नंबर मशीनवरचा पंखा अख्खा मे बंद, ऑपरेटर गळ्यात ओला टॉवेल टाकून पीस काढायचा. रिजेक्शन, म्हणजे खराब पीस, वाढलं तर मीटिंग कसली, मोटिव्हेशनची! पंखा तसाच.

घणसोली सेक्टर ७
पोस्ट माझीच होती. पैशाचं म्हणताय तर सांगा, त्याच वर्ल्डकपमध्ये साउथ आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे लागोपाठ तीन हरलो, त्यानंतर मॅच फी वाढली का? जेमिमाला इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलेलं, तिनेच सेमीत ३३९ च्या पाठलागात नाबाद १२७ केले. शफाली तर टीममध्येच नव्हती, प्रतिकाला लागलं म्हणून आली आणि फायनलला ८७. पुरुषांचंही तेच, ऑस्ट्रेलियात ॲडलेड टेस्टला ३६ ऑलआऊट आणि महिन्याभरात ब्रिस्बेनची गाबा टेस्ट जिंकले. माझी ऐरोलीत चौदा जणांची टीम आहे, पगार सगळ्यांचे साधारण सारखेच. एकजण प्रत्येक कामाला "होणार नाही" म्हणायचा, तो गेला आणि दोन महिन्यांत कामाची पेंडिंग तिकिटं संपली. याला काय म्हणाल?

दादर ते ठाणे
वर्ल्डकप जिंकलेल्या या पोरींच्या कोचचं नाव कोणीच घेत नाही याचं वाईट वाटतं. अमोल मुझुमदार. १९८८ ला शाळेच्या मॅचमध्ये सचिन-कांबळी ६६४ ची पार्टनरशिप करत होते तेव्हा हा पॅड बांधून बसलेला. रणजी पदार्पणात २६०, फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन्स, आणि भारताकडून एकही मॅच नाही. हा अन्याय आहे, मी वीस वर्षं हेच सांगतोय.

खारकर आळी
अन्याय कसला? सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्यातल्या कोणाला बसवणार होतात? उगाच भावनिक होऊ नका.

दादर ते ठाणे
भावनिक? मी त्याला वानखेडेवर उन्हात दिवसभर खेळताना पाहिलंय, रिकाम्या स्टँडसमोर. लक्ष्मणच्या आधी एक टेस्ट दिली असती तर आभाळ कोसळलं असतं का? तुम्ही फक्त टीव्हीवरचं क्रिकेट बघता, म्हणून असं बोलता.

खारकर आळी
मी स्वतः ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर क्लब क्रिकेट खेळलोय, मला शिकवू नका.

घणसोली सेक्टर ७
अहो विषय काय, चाललंय काय!

दादर ते ठाणे
विषयच आहे. २००६-०७ ला त्याच्याच कॅप्टन्सीत मुंबई पहिल्या तीन मॅच हरली आणि तरी रणजी जिंकली. म्हणून २०२५ च्या वर्ल्डकपमध्ये पोरी तीन हरल्यावर मी निर्धास्त होतो, हा माणूस तिथून आधी परत आलेला.

रबाळेकर
हे माहीत नव्हतं. ठीक आहे, तीन हरून उभं राहायला मन लागतं, एवढं मानतो.

कळव्याची रेडर
दादा लोकांनो, माझंही ऐका. आम्ही कबड्डीची मातीवर प्रॅक्टिस करायचो आणि स्पर्धा मॅटवर. शूजची एक जोडी दोघींत, मी रेडला जाताना घसरायचे आणि सर ओरडायचे, जिद्द कमी पडते. शूज आले त्या वर्षी सेमीपर्यंत गेलो. पुढच्या वर्षी निवडीतल्या एकाच्या पुतणीला कॅप्टन केलं. शूज तेच, मॅट तेच. साखळीत हात धरायचे म्हणून धरलेले असायचे, बोटं नुसती अडकवलेली. समोरच्या रेडरला ते लगेच कळतं, ती बरोबर तिथूनच निसटायची. पहिल्याच राउंडला बाहेर. त्या पोरींना रडक्या म्हणाल का कोणी?

रबाळेकर
ताई, बरोबर बोललात. घणसोलीवाले, तो मुलगा "होणार नाही" का म्हणायचा, कधी विचारलंत?

घणसोली सेक्टर ७
नाही विचारलं. लागोपाठ चार शनिवार बोलावलं होतं त्याला आणि कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, दिला नव्हता, हे खरंय. पण बाकीचेही आलेच की शनिवारी, त्यांनी तोंड पाडलं नाही.

कळव्याची रेडर
त्यांना तरी दिला का कॉम्प-ऑफ?

घणसोली सेक्टर ७
नाही. उद्या एचआरशी बोलतो. पोस्ट मागे घेणार नाही, 'रडके' हा शब्द तेवढा काढतो.